‘मकाना’ची शाकारणी

२०२४ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातून आमच्या धाकट्या भावाचा निरोप आला. मोबाईलवर त्याचा आवाज होता, ‘‘अम्मी, अल्हम्दुलिल्लाह, मकान घेतली.’’ अम्मींनी तो निरोप तीनदा ऐकला, डोळे पुसले आणि चिपळुणात आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटायला निघाल्या. आठ वर्षं परमुलखात भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलाला अखेर स्वतःचं छप्पर मिळालं, याहून मोठी खुशखबर आईला कोणती?

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एकाकडे उर्दू, एकाकडे मराठी. त्यामुळे आमचं लक्ष आधी व्याकरणाकडे गेलं. मकान ‘घेतलं’ म्हणतात, ‘घेतली’ कसं? परदेशात राहून पोराची भाषा बिघडली, असं आम्ही म्हटलं. रात्री व्हिडिओ कॉल झाला तेव्हा उलगडा झाला. व्याकरण बरोबर होतं. त्यानं घेतली होती ती गाडी! पोर्श कंपनीच्या एका एसयूव्हीचं नावच ‘मकान’ आहे. हा इंडोनेशियाकडचा शब्द, अर्थ वाघ. पेढे मात्र वाटून झाले होते.

गाडी जुनी होती, पाच वर्षं वापरलेली, आणि तीही हप्त्यांवर. तरी आमच्या मनात ती खुपली. राहायला तीन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट आणि दारात साडेतीनशे घोड्यांच्या ताकदीची गाडी! इसराफ, म्हणजे उधळेपणा, यावर छोटेला चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच आम्ही दिवाळीच्या सुट्टीत विमानात बसलो. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून रेल्वेने सुमारे दीड तासात स्टुटगार्ट.

हे शहर एखाद्या परातीसारखं आहे. मध्ये खोलगट भाग, चहूबाजूंनी टेकड्या. टेकड्यांच्या उतारावर शहराच्या ऐन वस्तीला लागून द्राक्षांचे मळे. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर उतरायला शेकडो दगडी जिने. आम्हां कोकणातल्या माणसांना चढउताराची सवय, त्यामुळे पाय लगेच रुळले. एका टेकडीवर १९५६ साली उभा राहिलेला काँक्रीटचा दूरदर्शन मनोरा आहे, २१६ मीटर उंच. अशा तऱ्हेचा जगातला तो पहिलाच. खालून नेकर नदी वाहते. मर्सिडीज आणि पोर्श दोन्ही कंपन्यांचं माहेर हेच. आणि वाचकांना नवल वाटेल, १९६८ पासून आपली मुंबई आणि हे स्टुटगार्ट एकमेकांची भगिनी शहरं आहेत.

या भागातली माणसं कामसू आणि काटकसरी म्हणून सगळ्या जर्मनीत ओळखली जातात. इमारतीचा जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडायची पाळी आठवड्याला एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. छोटेच्या दारावर ती पाटी आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात होती. आम्ही जिना झाडत असताना खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी धाकट्या भावजयीला काहीतरी विचारलं. तिने मान खाली घालून ‘नाही अजून’ असं काहीसं उत्तर दिलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘काय म्हणाल्या त्या?’’

‘‘टायर बदलले का, विचारत होत्या. इथे ऑक्टोबर लागला की सगळे हेच विचारतात, भाभी.’’

आम्हाला लगेच आपला मे महिना आठवला. मृग लागायच्या आधी आपल्याकडे जो भेटेल तो विचारतो, शाकारणी झाली का? कौलं चाळून घेतली का? इथे तसाच एक साधा ठोकताळा आहे, ‘ओ ते ओ’. म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टरचा सण. या काळात गाडीला हिवाळी टायर असावेत. गल्लीतले म्हातारे, शाळेतली पोरं, दुकानदार, सगळ्यांना हे पाठ.

आमच्यासाठी ही माहितीच नवी होती. टायर तो टायर, त्याला उन्हाळा-हिवाळा कसला? छोटेने समजावलं. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंश तापमानाच्या खाली कडक होत जातं. कडक रबर रस्त्याला चिकटत नाही, घसरतं. हिवाळी टायरच्या रबरात मिश्रणच असं असतं की ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसांसारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. गाडी चालताना त्या उघडतात, मिटतात आणि बर्फ पकडतात. म्हणजे बर्फ पडला तरच हा टायर हवा असं नाही. नुसती थंडी आणि ओला रस्ता असला तरी फरक पडतो.

‘‘मग तू बदलले का नाहीस?’’ आम्ही विचारलं.

‘‘बघू. गाडीला चारही चाकांची ताकद आहे, भाईजान. इथे शहरात बर्फ फारसा टिकत नाही. या वर्षी सांभाळून चालवीन.’’

आम्हाला ते पटलं. खरं तर आम्हाला त्यात थोडी सुधारणाच दिसली. पोरगा खर्चाला कचरतो आहे, चांगलं आहे.

त्या रविवारी त्याने आम्हाला ब्लाउबॉयरेन नावाच्या गावी नेलं. स्टुटगार्टच्या आग्नेयेला चुनखडीच्या दगडाचं एक मोठं पठार आहे, त्याला श्वेबिश आल्ब म्हणतात. महामार्ग घाट चढून या पठारावर जातो, पुढे उल्म शहर लागतं. विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांसाठी सांगतो, आइनस्टाइनचा जन्म तिथलाच, १८७९ चा. उल्मच्या अलीकडे पठाराच्या कुशीत ब्लाउबॉयरेन आहे. तिथे जमिनीतून एक झरा उगवतो आणि त्याचा डोह होतो. डोहाचं पाणी इतकं निळं की कुणीतरी शाईची दौत सांडली असं वाटावं. पठारावर पडणारं पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं, आत गुहांमधून वाहतं आणि वीसेक मीटर खोल डोहाच्या तळातून वर येतं. पुतण्या आणि पुतणी काठाच्या कठड्याला चिकटून उभे होते. आम्हीही बराच वेळ काही न बोलता पाहत राहिलो.

परतताना चार वाजले होते. डोहाच्या गावात बारीक पाऊस होता. गाडी पठारावर चढली तसा पावसाचा पोत बदलला. थेंब काचेवर फुटेनात, फतकल मारून बसू लागले. निघताना स्टुटगार्टला आठ अंश होतं, इथे डॅशबोर्डवर एक अंश दिसत होतं आणि शेजारी हिमकणाचं छोटं चिन्ह उजळलं होतं. रस्ता काळा आणि ओला दिसत होता, पांढरा नव्हता. पुढच्या गावात सिग्नलवर गाडी थांबली, हिरवा झाला तशी सुटली. अगदी वाघासारखी. चारही चाकांनी जमीन पकडली, शेजारच्या गाडीला मागे टाकलं. आम्हाला मनात कौतुकही वाटलं.

गाव संपलं आणि उतार लागला. खाली एक चौरस्ता होता, थांबा अशी लाल पाटी. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. छोटेने ब्रेक दाबला. पायाखाली खडखड झाली, गाडी थरथरली, पण वेग कमी होईना. तो पायावर सगळा भार देऊन दाबत होता, आणि जवळजवळ दोन टनांची ती गाडी आमच्यासकट शांतपणे पुढे सरकत होती. लाल पाटी मागे गेली. पांढरी रेघ मागे गेली. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक चौरस्त्याच्या मध्यात होतं आणि उजवीकडून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दाबून धरला होता. त्याने आपलं वाहन डावीकडे काढलं म्हणून निभावलं. आमच्या आणि त्याच्यामध्ये किती अंतर होतं ते आम्ही आजही एकमेकांना सांगत नाही.

मागच्या सीटवरून सहा वर्षांच्या पुतणीने विचारलं, ‘‘अब्बू, पाटी तिकडे आहे, आपण इकडे का थांबलो?’’

कुणीच उत्तर दिलं नाही. पुढचे सत्तर-ऐंशी किलोमीटर छोटेने गाडी उजव्या लेनमधून, ट्रकांच्या मागे, इतकी सावकाश आणली की घाट उतरताना मागून दिवे मारले जात होते. धाकटी भावजय ओठातल्या ओठात आयतुल कुर्सी पढत होती.

घरी आल्यावर गणित आमच्या ध्यानात आलं. चारही चाकांना ताकद असली की गाडी सुटताना ती उपयोगी पडते, चढ चढताना पडते. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतो. थांबवायचं काम इंजिन करत नाही, टायर करतो. उलट गाडी जोरात सुटली म्हणून माणसाला वाटतं की रस्ता ठीक आहे. म्हणजे जी ताकद आपण सुरक्षितता समजत होतो, तीच आपल्याला फसवत होती.

कायदाही तेच म्हणतो. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा दव असेल तर हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवायची नाही. पकडलं तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. वाहतूक अडवली तर ८० युरो. असे आठ गुण झाले की परवाना जातो. शाळेत गुण मिळवायचे असतात, इथे टाळायचे असतात! पण त्या संध्याकाळी आम्हाला दंडाची फिकीर नव्हती.

रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद दिसला. आठ दिवस तो तिथेच होता, आम्ही पाहिला नव्हता. छोटेने उर्दूत खर्चाची यादी लिहिली होती. लहानपणी त्याला अलिफ-बे आम्हीच शिकवलं, त्याचं अक्षर लांबून ओळखू येतं. घरभाडं, विमा, गाडीचा हप्ता. मग ‘टायर’. त्यावर रेघ मारून पुढे लिहिलं होतं, ‘जानेवारीनंतर’. आणि त्याच्या खालची ओळ होती, ‘बिटियाची फी – ऑक्टोबर’.

बिटिया म्हणजे आमची मुलगी. पुण्यात फार्मसीला आहे, वसतिगृहात राहते. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं, आमच्या घरात गळ्यापर्यंत आलं. फ्रिज, कपाटं, पुस्तकं, सगळं गेलं. घर उभं करताना आमची शिल्लक संपली. तेव्हापासून मुलीची निम्मी फी छोटे भरतो. आम्हाला ते माहीत होतंच. पण ती कशातून कापून येते, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्याला इसराफवर धडा द्यायला निघालेले आम्ही, आणि त्याच्या गाडीचे टायर आमच्याच घरात खर्च झाले होते.

सकाळी आम्ही कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

‘‘छोटे, या दोन ओळी खालीवर करायच्या.’’

‘‘भाईजान, तो विषय नको. फीची तारीख आहे.’’

‘‘फीची तारीख आम्ही बघतो. आमची शिक्षकांची पतपेढी अजून उभी आहे, कर्ज मिळतं. फी महिनाभर उशिरा भरली तर दंड होतो. काल जे होणार होतं त्याला दंड भरून सुटका नव्हती.’’

तो ऐकेना. शेवटी त्याची भाभी म्हणाली, ‘‘मुलगी आमची आहे. तिच्या फीसाठी तुझी मुलं त्या गाडीत बसणार असतील, तर तिलाच फोन करून विचार तिला अशी फी हवी का.’’ मग तो गप्प झाला. उधळेपणा वाईट खराच. पण गरजेच्या जागी हात आखडता घेणं हीही काटकसर नव्हे, हे आम्हाला त्या दिवशी आमच्याच तोंडून ऐकावं लागलं. उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावं, ही शिकवण आपल्या घराघरात आहे. आम्ही दोर विकून तवक्कुल करत होतो.

टायरचं दुकान नदीपलीकडे होतं. मालक तुर्की घराण्यातला. १९६१ साली जर्मनी आणि तुर्कस्तानात कामगारांचा करार झाला, त्यानंतर त्याचे आजोबा इथे कारखान्यात आले. सलाम झाला, छोट्या पेल्यांत चहा आला. छोटेने टायर कोणते घ्यावेत असं विचारलं, तर त्याने उलट तीन प्रश्न केले. गाडी कुठे चालते? किती वेगाने चालते? आणि आत कोण बसतं? तो म्हणाला, माणसं दुकानात येऊन आधी कंपनीचं नाव विचारतात, ते सगळ्यात शेवटी विचारायचं.

छोटेने आधीच तीन पर्याय पाहून ठेवले होते. त्याने ते एकेक करून सांगितले.

पहिला, कुणीतरी विकायला काढलेले वापरलेले टायर. दोन जोड होते. एकाचा फोटो पाहून मालकाने बाजूवरचे चार आकडे मोठे करून दाखवले, ‘३११६’. म्हणजे २०१६ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसत होती, पण आठ वर्षांत रबर कडक होतं, आणि हिवाळी टायरचा सगळा अर्थच मऊपणात आहे. दुसऱ्या जोडावर फक्त ‘एम+एस’ ही अक्षरं होती, चिखल आणि बर्फ या अर्थाची. पूर्वी ती चालत. १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. आता टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असावं लागतं. ते चिन्ह चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळतं, एम+एसला अशी चाचणी नव्हती. ‘‘स्वस्त का मिळतोय ते कळलं ना?’’ मालक हसला.

मग त्याने खिशातून दोन युरोचं नाणं काढलं. त्याची बाहेरची रुपेरी कड चार मिलिमीटरची असते. नाणं टायरच्या खाचेत उभं घालायचं. रुपेरी कड पूर्ण बुडाली तर टायर हिवाळ्याला चालेल, दिसत राहिली तर बदलायचा. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फात तेवढ्यावर भागत नाही. आमच्यातल्या शिक्षकाला हे साधन फार आवडलं. ना मापपट्टी, ना यंत्र.

दुसरा पर्याय, बारमाही टायर. एकच जोड, वर्षभर वापरायचा, बदलाबदलीचा त्रास नाही. डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले बारमाही टायर कायद्याने चालतात. मालकाने त्यांना नावं ठेवली नाहीत. छोटी गाडी, शहरातल्या शहरात फिरणं, तर तेच घ्या म्हणाला. पण ही गाडी जड, वेगवान, आणि छोटेला कामासाठी आठवड्यातून दोनदा पठार ओलांडून उल्मला जावं लागतं. बारमाही टायर उन्हाळ्यात थोडा कमी आणि बर्फात थोडा कमी पडतो. हलक्या गाडीला ते थोडं चालून जातं. जड गाडीला थांबायला जेव्हा जागा कमी पडते, तेव्हा तेच थोडं फार होतं.

तिसरा, नवे हिवाळी टायर, पण आत्ताच्याच २१ इंची रिमवर. छोटेच्या मनात हेच होतं. कारण गाडीची शान त्या मोठ्या चाकांत आहे. पुढे २६५ आणि मागे २९५ मिलिमीटर रुंद टायर. इथे मालकाने डोकं हलवलं आणि कागदावर चित्र काढलं. रुंद टायर म्हणजे पाण्यात पसरट फळी. बर्फाच्या चिखलावर तो तरंगतो. अरुंद टायरवर तेच वजन कमी जागेत पडतं, तो चिखल कापून खाली रस्त्याशी जातो. शिवाय मोठी रिम म्हणजे टायरची बाजू बुटकी. खड्ड्यात, किंवा बर्फाखाली लपलेल्या फुटपाथच्या कडेला आपटली तर रिम वाकते. आणि डोंगरात निळ्या गोल पाटीवर साखळी बांधलेलं चाक दाखवलं असेल तर चाकांना साखळ्या लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, चारही चाकांची ताकद असली तरी. काही रुंद टायरांना साखळी लावायला आत जागाच उरत नाही.

म्हणून त्याने गाडीचे कागद मागवले. कोणती मापं या गाडीला मंजूर आहेत ते त्यात पाहिलं. १९ इंची रिम मंजूर होती. पुढे २३५/५५ आर १९, मागे २५५/५० आर १९. यापेक्षा लहान रिम घेताना आतल्या मोठ्या ब्रेकला ती घासणार नाही ना, हे पाहावं लागतं, म्हणून अंदाजाने रिम घ्यायची नाही. मापाच्या पुढे १०१ असा आकडा होता. तो भाराचा. एका टायरने ८२५ किलो पेलायचं, असा त्याचा अर्थ. जड गाडीला हा आकडा कमी असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आणि बाजूला ‘एन०’ अशी खूण होती. गाडी बनवणाऱ्या कंपनीने हा टायर या गाडीसाठी तपासला आहे, असं ती सांगते. चारही टायर एकाच बनावटीचे आणि एकाच खुणेचे असावेत. नाहीतर चार चाकं चार तऱ्हेने फिरतात आणि चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो.

चार रिम, चार टायर, आतल्या हवेचा दाब सांगणारे चार सेन्सर. रक्कम दोन हजार युरोंच्या बरीच पुढे गेली. आम्ही मनात रुपये केले आणि चहाचा घोट अडकला. मालकाला आमचा चेहरा कळला असावा. तो म्हणाला, हे टायर घातले की उन्हाळी टायर झिजायचे थांबतात. दोन जोड असले तर दोन्ही जास्त वर्षं पुरतात. टायरचा खर्च दुप्पट नाही, रिमचा खर्च तेवढा एकदाच. ते खरं होतं. तरीही रक्कम मोठीच होती, आणि ती मोठी असण्याचं कारण गाडी मोठी हे होतं. छोटेने तेही कबूल केलं. ‘‘गाडी घेताना किंमत बघितली, भाईजान. तिला हिवाळ्यात पोसायला काय लागेल ते बघितलं नाही.’’

पाच दिवसांनी टायर बसले. काढलेल्या उन्हाळी चाकांवर मालकाने खडूने खुणा केल्या, पुढचं डावं, मागचं उजवं. मग ती मागच्या गोदामात ठेवली. इथे अशा गोदामाला चक्क टायरांचं हॉटेल म्हणतात. सहा महिन्यांचं भाडं भरायचं. आमची मुलगी वसतिगृहात आणि छोटेचे टायर हॉटेलात, असा विनोद आम्ही केला आणि बऱ्याच दिवसांनी सगळे हसलो.

डॅशबोर्डवर एक छोटी चिकटपट्टी आली, त्यावर २४० लिहिलेलं. ही गाडी ताशी २५४ किलोमीटरपर्यंत जाते, हे टायर २४० पर्यंतचे. असं असेल तर चालकाच्या नजरेसमोर ती मर्यादा लावावी लागते. पुतण्याने विचारलं, ‘‘बडे अब्बू, अब्बूला २४० पैकी किती मिळाले?’’ आम्ही म्हटलं, ‘‘शंभरच्या आत राहिले तर पास.’’

निघताना मालकाने बजावलं, पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे बोल्ट पुन्हा घट्ट करून घ्या, आणि थंडी वाढली की हवा तपासा. तापमान दहा अंश उतरलं की दाब साधारण एक दशांश बार कमी होतो. पन्नास किलोमीटरचं निमित्त करून आम्ही हायडेलबर्गला गेलो. तेच नेकरचं पाणी पुढे तिथून वाहतं. १९०७ साली अल्लामा इक्बाल या गावात राहून जर्मन शिकले, या नदीकाठच्या संध्याकाळवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली. काठाच्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. आमच्यातल्या उर्दूच्या शिक्षकाने त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. परतताना पुन्हा पाऊस होता. छोटेने गाडी जुन्यापेक्षा सावकाश चालवली. टायर नवे आले म्हणून धीट व्हायचं नसतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

चिपळुणात परतलो, पतपेढीचा अर्ज भरला, फी गेली. मोहल्ल्यात अजून लोक विचारतात, छोटेचं मकान कसं आहे? आपल्या घराघरांतून आता मुलं जर्मनीत, कॅनडात गेली आहेत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायरांची सक्तीच आहे. मुलांचा फोटो आला की आपण गाडीचा रंग आणि किंमत विचारतो. ऑक्टोबर लागला की एवढंही विचारावं, टायर बदलले का? आणि उत्तराला उशीर लागला, तर ते पैसे आपल्यासाठी तर अडलेले नाहीत ना, हेही एकदा स्वतःला विचारावं.

नोव्हेंबर संपता संपता छोटेचा फोटो आला. रस्ता पांढरा, झाडं पांढरी, गाडीच्या छतावर वीतभर बर्फ. खाली उर्दूत एक ओळ होती, ‘आज उल्मला जाऊन आलो. लाल पाटीच्या अलीकडे थांबलो.’

अम्मींनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘या मकानाचं छप्पर तर खाली असतं म्हणायचं.’’